काकणांच्या काचा आणि भाजीबाजारातलं पिंप

मी मनुबाई, कै. तात्याबा साळुंखे यांची बायको, वय पासष्ट धरा, राहणार उंब्रज, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र माझ्या हातानं आणि माझ्या खुशीनं लिवून ठेवती. डोकं ठिकाणावर हाय. कुणाला शंका असंल त्यानं बाजारात येऊन माझ्याशी पाच मिनिटं भांडून बघावं. कुणाचा दाब न्हाई, नशापाणी न्हाई, चिमूटभर तपकीर सोडली तर. कायद्याची वाक्यं नानासो गुरुजींनी सांगितली. बाकी माझं चौथीपत्तुरचं शिक्षान.

कलम एक. राहतं घर आणि सव्वा एकर उसाचं रान माझा मुलगा कृष्णात याला. तो पलटणीत हाय, तवर रान त्याची बायको रंगू हिनं बघावं. तांब्याचा हंडाबी तिला. चिंच लावून घासावा. माझ्यासारखा चकाकणार न्हाई, पर तिनं नेट सोडू नये.

कलम दोन. माझं तीन खराटं, फावडं, दोन पाट्या आणि खत चाळायची मोठी चाळण. चाळणीचं कलम चारात बघावं, त्यातला एक खराटा सरपंच दादासो यांना, बाकी रंगूला. दर वर्साला फोटोवाला आला की ते माझाच खराटा मागून घ्येतात, चार पावलं झाडतात आणि उलटा धरतात. आता घरी सराव करावा. रिकाम्या बाटल्या, पत्र्याचं डबं, रद्दी मी येगळी काढून पडवीत ठेवलीया. भंगारवाला कऱ्हाडहून आला की त्याला द्यावी, आणि जे येईल त्यातनं शाळंला खडू घ्यावंत.

कलम तीन. स्टँडवरचा पानवाला गुंडा याला माझी जुनी पितळी पिकदाणी. कचऱ्याचं पिंप हातभर अंतरावर असताना ज्याचा नेम आठ वर्सं चुकला, त्याला भांडं जवळच पायजे.

कलम चार. हे लिवायला मला महिना लागला.

एकाहत्तर साली रस्त्याच्या कामाची डांबराची रिकामी पिंपं पंचायतीनं आणली, आतनं जाळून, भायेरनं चुना लावून कचऱ्यासाठी ठेवली. बाजार उठला की जी बाई झाडंल, पिंपातला माल तिचा, असं ठरलं. दोन पिंपं आमच्या घरात आली. आमच्या म्हंजी माझ्या आणि माझी धाकटी जाऊ धोंडुबाई हिच्या. मराठ्याच्या बायका गावचा केर काढत्यात म्हणून भावकी हसली. हसणाऱ्यांच्या उसाला खत मात्र आमच्याच उकिरड्यातनं ग्येलं.

पर वाटणी बघा. मला मिळालं स्टँडवरचं पिंप. त्यात काय, तर बिडीची थोटकं, फाटकी तिकिटं आणि भुईमुगाची टरफलं. धोंडीला भाजीबाजारातलं. मेथीच्या काड्या, कोबीचा पाला, केळीची सालं. तिचा उकिरडा चार महिन्यांत चहाच्या भुकटीवाणी काळा. सरपंच मुठीत घिऊन वास घ्यायचे. माझ्या खताचा वास लांबूनच यायचा, म्हणून कुणी घ्यायचं न्हाई.

तिचा हेवा मला नवा नव्हता. माझं मालक सत्तर साली ग्येलं. त्या आधी एकाच दिवशी, एकाच कासाराकडं आमी दोघींनी काकणं भरली हुती. हिरवी, वर पिवळा ठिपका. माझी दारात फोडली. मी तुकडं येचून डब्यात ठेवलं. धोंडीचा नवरा अर्जुना भावजी धडधाकट. ती झाडायला लागली की तिची काकणं वाजायची, आणि मला ऐकू यायची स्टँडपत्तुर.

बहात्तर साली एका बाजारादिवशी, ती पाणी प्यायला घरी ग्येली तवा, मी डबा तिच्या पिंपात वतला. मनात एवढंच, की हिच्या खतात काच निघावी आणि हिचं नाव खाली यावं.

ते खत कुणाच्या रानात जाईल हे मी बघितलंच न्हाई. कृष्णात रजेवर आलावता. "आई, काकीचं खत लय भारी हाय," म्हणून माझा उकिरडा सोडून त्यानं तिच्याकडनं दोन गाड्या भरल्या. अनवाणी पसरायला ग्येला. काच टाचंत अशी घुसली, की रजा सरली तरी पोराला उभं ऱ्हाता येईना. हळद घिऊन पैल्यांदा पळत आली ती धोंडीच.

गाव म्हणालं, कासाराच्या पालातली फुटकी काकणं हिनं निवडलीच न्हाईत. पंचायतीत ती मान खाली घालून उभी ऱ्हायली. भाजीबाजारातलं पिंप तिच्याकडनं काढून मला दिलं. सात वर्सं मी ते मिरवलं.

म्हणून लिवती, की पिंप पंचायतीचं हाय, ते मला देता येत न्हाई. पर माझ्या मागं हे कलम पंचायतीत मोठ्यानं वाचावं आणि पिंप धोंडुबाईला परत करावं. माझी उकिरड्याची जागा आणि चाळण तिलाच.

पुढचं आज लिवती. धोंडीला साक्षीला बसवायचं म्हणून बोलावलं आणि सगळं वाचून दावलं. गुरुजी म्हणाले, "जिला द्यायचं, तिनं साक्षीदार हू नये." धोंडी म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या गुरुजी. मला हे ठावं हाय. कृष्णाच्या टाचंतली काच मीच काढली. पिवळा ठिपका हुता."

मी म्हणाले, "मग सात वर्सं दातखीळ बसलीवती व्हय गं?"

"कुणाला सांगू? पोरगं तुमचं, पाय त्याचा. तुमाला काय कमी सजा झालीवती, आक्का?"

आता सांगा, असल्या बाईचा हेवा करू नको तर काय करू?

मी म्हणाले, "माझ्या मागं वाचत्याल, तवा तुझं नाव धुऊन निघंल."

तर ती उसळली. "तुमच्या मागं? म्हंजी तुमी सुटला, आन् लोकांची तोंडं मी बघायची? आवं, परवा बाजार हाय. तुमच्या तोंडानं सांगा. मी बाजूला उभी ऱ्हाते."

गुरुजी खाली बघून हसले. मी लय येळ तपकीर शोधली.

तर कलम चार असं बदललं, की ते मी मरायची वाट बघणार न्हाई. परवा बाजार उठल्यावर पिंपाजवळ उभी ऱ्हाऊन मी स्वतः सांगीन. माझ्याच्यानं न झाल्यास गुरुजींनी हा कागद तिथंच वाचावा. बाकीची कलमं मी मेल्यावर. त्याची घाई कुणी करू नये.

वर लिवलेलं मी वाचलं, मला मान्य हाय. धोंडीच्या आंगठ्यासाठी शाईची गादी आणून ठेवलीवती. तिनं ती बाजूला सारली आणि टाक मागितला.

मुक्काम उंब्रज, दिनांक ११ फेब्रुवारी १९७९

लिहून देणार: मनुबाई तात्याबा साळुंखे

साक्षीदार: १. नानासो गुरुजी, प्राथमिक शाळा, उंब्रज
२. लालासाहेब पोस्टमन, उंब्रज

कलम चार कबूल: धोंडुबाई अर्जुना साळुंखे

(सही तिच्याच हातची हाय. अक्षर माझ्यापेक्षा गोल. मेलीनं कवा शिकून घ्येतलं? — मनुबाई)