दोन मिनिटे अकरा सेकंदांची तरतूद

मी, खाली सही करणारा, वय वर्षे ब्याऐंशी, चित्रपट परीक्षण मंडळाचा निवृत्त परीक्षक, माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे हे स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. ती थोडी कमी शाबूत असती तर हा मजकूर बराच आटोपशीर झाला असता. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्या एका व्यक्तीचे दडपण मी एकोणपन्नास वर्षे आनंदाने मानले, ती माझी पत्नी, नऊ महिन्यांपूर्वी वारली. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हा तिसरा मसुदा आहे. आधीचे दोन मीच रद्द केले असून ते कोठे आढळल्यास विचारात घेऊ नयेत.

कलम पहिले. तिसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे हे राहते घर मी माझ्या एकुलत्या एक मुलीस देतो. मोरीचा नळ गळतो. तो दुरुस्त करण्याचे मी पत्नीस अकरा वर्षे आश्वासन दिले होते. ते आश्वासनही घरासोबत मुलीकडे जाते. उत्तरेच्या खिडकीसमोर कपाट ठेवू नये. तेथील उजेड माझ्या पत्नीच्या कामाचा होता.

कलम दुसरे. बँकेतील सर्व शिल्लक मुलीचीच. तीत लपवण्यासारखे काही नाही; लपवलेले जे आहे ते कलम पाचमध्ये येईल.

कलम तिसरे. माझी पत्नी फिल्म प्रयोगशाळेत निगेटिव्ह कापण्या-जोडण्याचे काम करीत असे. तिचे जोडयंत्र, गुंडाळयंत्र, भिंग आणि सुती हातमोज्यांच्या चार जोड्या मी तिच्या धाकट्या भावास, म्हणजे माझ्या मेहुण्यास देतो. त्याने चाळीस वर्षे चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवला. या इसमाने मला लग्नाच्या दिवसापासून ‘कात्रीसाहेब’ या नावाने हाक मारली. जेवताना मी काही नको म्हटले की हा म्हणे, “ताई, साहेबांनी वाटी कापली गं.” मी एकदाही हसलो नाही. आता कबूल करतो की त्यांपैकी दोन-तीन वेळा हसू आले होते.

कलम चौथे. मंडळाचे माजी अध्यक्ष हयात असल्यास त्यांना माझी नियमावलीची प्रत द्यावी. हे गृहस्थ दिवे मालवताच झोपत आणि दिवे लागताच विचारत, “काय काय काढलं?” काहीच काढले नाही असे सांगितले की त्यांचा चेहरा पडे. म्हणून आम्ही कनिष्ठ परीक्षक प्रत्येक चित्रपटात काहीतरी काढून ठेवीत असू, जसे पाहुणे येणार म्हणून घरात काहीतरी करून ठेवतात. ही सवय माझी मी लावून घेतली. अध्यक्षांवर तिचा पूर्ण भार टाकणे योग्य होणार नाही. तरीही प्रत त्यांनाच द्यावी. अधोरेखिते माझी आहेत.

कलम पाचवे. पत्नीच्या कपाटातील खालच्या खणात, हातरुमालात गुंडाळलेला एक चपटा पत्र्याचा डबा आहे. त्यात दोन मिनिटे अकरा सेकंदांची निगेटिव्ह आणि तिची आवाजाची पट्टी आहे. ती माझी नाही, माझ्या पत्नीचीही नव्हती. ती येथे कशी आली हे लिहिल्याशिवाय ती कोणास देता येणार नाही.

एक्कावन्न वर्षांपूर्वी आमच्यापुढे एक हलकाफुलका प्रेमपट आला. नायक रोज पोस्टात जाऊन स्वतःलाच पत्र पाठवतो, कारण खिडकीमागे नायिका बसते. ती त्याला दहा वेळा हाकलते. दहाव्या रिळात मात्र ती आपल्या बहिणीला सांगते की त्याच्यासाठी ती रोज वेळ संपल्यावरही दहा मिनिटे खिडकी उघडी ठेवते. मग ती रस्त्यावर येते, त्याचा चष्मा काढते, त्याचे चुंबन घेते आणि म्हणते, “उद्या तू येऊ नकोस. उद्या मी येईन.” मी अहवालात लिहिले : ‘स्त्री पात्राने पुढाकार घेणे अशोभनीय. सबब वगळावे.’ अध्यक्ष जागे झाले आणि प्रसन्न झाले.

कापण्याची यादी प्रयोगशाळेत गेली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी हातमोजे न काढताच माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“ही यादी तुम्ही लिहिलीत?”

“होय.”

“साहेब, एवढं काढलंत तर ती पोरगी शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहते. आणि एकदम त्याच्या स्कूटरवर बसते. तो मग कोण ठरतो?”

“नायक.”

“मवाली ठरतो हो.”

मी तिला नियम वाचून दाखवला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, “वाचता छान तुम्ही.”

कापलेला भाग मंडळाकडे जमा करावा लागे. तिने रिकामा डबा आणून दिला. मी तो उचलला. वजनावरून मला समजले. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी ‘भाग मिळाला’ असे लिहून सही केली. माझ्या सबंध नोकरीतील ती एकमेव खोटी सही होय. पुढील वर्षी तिने मला प्रयोगशाळेच्या जिन्यात थांबवून विचारले, “तुम्ही मला विचारणार आहात, की मीच विचारू?” मी म्हणालो की विचार करून सांगतो. “म्हणजे मीच विचारते,” ती म्हणाली. अशा रीतीने माझे लग्न झाले. जे मी पडद्यावर अशोभनीय ठरवले त्याच्याच आधारावर माझा संसार उभा राहिला, हे मला त्या वेळी दिसले नाही. मला बऱ्याच गोष्टी लिहून काढल्याशिवाय दिसत नाहीत.

दीड वर्षापूर्वी जुने प्रेमपट पुन्हा चित्रपटगृहात लागू लागले आणि या चित्रपटावरून गदारोळ झाला. तरुण मंडळी फलक घेऊन उभी राहिली : मुलगी नाही म्हणते तेव्हा नाही. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जे पडद्यावर आहे ते पाहता दुसरे कोणी काय म्हणेल? समोर दुसरा जमाव, आमच्या आठवणींना हात लावू नका म्हणणारा. हेही लोक खरे होते; त्यांना तो चित्रपट गोड आठवतो. मधे उरली ती नायिकेचे काम केलेली नटी. लेखक गेला, दिग्दर्शक गेला, नायक गेला. ती उरली आहे, एकोणऐंशी वर्षांची. दूरचित्रवाणीवर एका पोराने तिला विचारले की असल्या भूमिका करताना लाज वाटली नाही का. ती म्हणाली, “मी त्याला हो म्हटलं होतं. तसं दृश्य होतं. कुठे गेलं ते मला माहीत नाही.” समोर बसलेले प्रेक्षक हसले.

माझ्या पत्नीने टीव्ही बंद केला, आत गेली आणि डबा माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला.

“अहो, आता तरी द्या.”

“चोरीचा आळ तुझ्यावर येईल.”

“माझ्या नावाआड लपू नका. मी लिहून देते, मी चोरलं म्हणून. तुम्ही फक्त सांगा, तुम्ही कापलंत म्हणून.”

मी म्हणालो, पाहू. त्यानंतर ती आजारी पडली आणि रुग्णालयाच्या धावपळीत मला गप्प राहण्याचे सभ्य कारण मिळाले. शेवटच्या आठवड्यात तिने विचारले, “दिलात का?” मी म्हणालो, “पत्राचा मसुदा चालू आहे.” मसुदा चालू नव्हता.

माझी मुलगी महाविद्यालयात शिकवते. चित्रपटाचे प्रमाणपत्र रद्द करावे या अर्जावर तिची सही आहे. गेल्या महिन्यात ती म्हणाली, “बाबा, तुम्ही होतात ना तेव्हा मंडळावर? हे पास कसं केलंत?”

“नियमानुसार.”

“ती नको म्हणतेय, ते नियमात ऐकू येत नव्हतं?”

मी कप विसळायला उठलो. कप स्वच्छ होते.

पूर्वी ती पडद्यावरची नायिका फार बोलते म्हणून मी तिला गप्प केले. आता ती गप्प का म्हणून तिला पडद्यावरून हटवणार. येत्या सोमवारी मंडळात त्याची सुनावणी आहे. गेल्या आठवड्यात मी डबा उघडला. फिल्मला आंबूस वास येऊ लागला आहे. ती आता आक्रसत जाईल आणि एक दिवस जोडण्यासारखी उरणार नाही. उत्तरेच्या खिडकीत ती धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये त्या नटीचे केस आधीच पांढरे झालेले होते.

सबब, सदर डबा माझ्या मृत्यूनंतर त्या नटीस द्यावा, आणि सोबत माझे सही केलेले निवेदन जोडावे, की हा भाग मी कापला व तो मिळाल्याची नोंद खोटी केली.

कलम सहावे. पत्नीचे कपडे मुलीने पाहिजेत ते घ्यावेत. खुंटीवरचा राखाडी स्वेटर माझ्यासोबत जाऊ द्यावा. याबाबत कोणी चर्चा करू नये.

पुरवणी. वरील मजकूर आज सकाळी दोन साक्षीदारांना वाचून दाखवला : शेजारच्या दारातील निवृत्त परिचारिका, आणि रस्त्यापलीकडचे चष्म्याचे दुकानदार. साक्षीदारांना कायद्याने काही देता येत नाही, हे मी सुरुवातीसच स्पष्ट केले. परिचारिका म्हणाल्या, “बरं झालं, धूळ पुसायला तेवढंच कमी.”

कलम पाचनंतर त्यांनी मला थांबवले.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर तिला मिळणार?”

“मृत्युपत्राचे स्वरूपच तसे असते.”

“आणि ती आधी गेली तर?”

“तर तरतूद निष्फळ ठरते.”

“सुनावणी सोमवारी आहे म्हणालात. सोमवारच्या आत मरायचा बेत आहे का काका?”

चष्मेवाले खिडकीबाहेर पाहू लागले. मी उठून येरझारा घातल्या. परिचारिकांनी टेलिफोन माझ्यापुढे सरकवला आणि स्वतः स्वयंपाकघरात गेल्या, ही त्यांची सभ्यता. नटीचा नंबर माझ्या पत्नीने डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवला होता. फोन नटीनेच उचलला. मी माझे पद सांगितले, वर्ष सांगितले, आणि म्हणालो, “ते दृश्य मी कापले. ते माझ्याजवळ आहे.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“सगळं?”

“दोन मिनिटे अकरा सेकंद. आवाजासह.”

“शेवटी मी हसते. तेही आहे?”

“आहे. आपण हसता.”

“मग घेऊन या,” त्या म्हणाल्या. “आणि विचार करत बसू नका. तुम्हाला सवय दिसते.”

त्यानंतर मी मुलीस फोन केला आणि कलम पाचवे जसेच्या तसे वाचून दाखवले. तिने मध्येच थांबवले नाही. शेवटी म्हणाली, “हे एवढी वर्षं आईने जपलं?”

“तिनेच जपले.”

“मी गाडी घेऊन येते. खाली उतरून उभे राहा. आणि बाबा, सोमवारी हे तिथे तुम्हीच वाचायचं.”

मी हो म्हणालो.

सबब कलम पाचवे रद्द करण्यात येत आहे. त्यातील वस्तू आज दुपारपासून माझ्या मालमत्तेचा भाग नाही. कलमाचा मजकूर मात्र खोडू नये. मंडळापुढे वाचावयाचे निवेदन तेच आहे.

सही
(निवृत्त परीक्षक)

साक्षीदार पहिली : निवृत्त परिचारिका, शेजारचे दार. लिहिणारे शुद्धीत असल्याचे मी पाहिले. नाडी जलद होती.
साक्षीदार दुसरा : चष्म्याचे दुकानदार. सही माझ्यासमोर झाली.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : सात मार्च, शनिवार, सकाळी साडेअकरा