शस्त्रपूजेतलं रशियन पदक

अकोला,
दसऱ्याचा दुसरा दिवस

कमलाकांत,

आज 'चिरंजीव' लिहायला हात वळत नाही.

घराचं रंगकाम निघालं म्हणून झारच्या काळातल्या रशियन पदकांची माझी पेटी अमरावतीला तुझ्याकडे ठेवली. भाऊ आहे, भिक्षुकी करतो, जपेल असं वाटलं. काल तुझा फोन! "ताई, तुझ्या त्या क्रॉसवर दोन तलवारी दिसल्या, म्हणून शस्त्रपूजेत मांडला. सकाळपासून चिंच लावून घासून राहिलो होतो. चकाचक झाला!"

"आणि त्याची फीत?" मी विचारलं.

"ती मळकट चिंधी? फेकली. लाल गोफ ओवला."

अरे, काहून? घासून लाल मिनाकाम उडवलंस, ते एक वेळ सोड. पण पिवळ्या काठांच्या त्या फितीवर कुणा अधिकाऱ्याच्या मानेच्या घामाचा काळा पट्टा होता. त्याचं नावही कुणाला माहीत नाही. त्याचं असं तेवढंच उरलं होतं. मी ते पदक घेतलं ते त्या पट्ट्यासाठी.

तुझ्या देवघराबाहेर खुंटीवर बाबांची टोपी आहे. वहिनीनं ती नुसती भिजवायला काढली, तर तू दोन दिवस जेवला नव्हतास. "आतला तेलाचा डाग म्हणजेच बाबा," असं तूच ओरडला होतास ना?

हे पत्र टाकणार नाही. तू त्यालाही हळदकुंकू वाहशील. भाऊबीजेला येतेच आहे. टोपी खुंटीवरच राहू दे.

चिंच मी घरून आणते.

तुझीच, काय करणार,
सिंधूताई