गोष्ट संपेपर्यंत दाराशी थांबावे

मी चंद्रशेखर तुलसीराम पटले, वय एकेचाळीस, अविवाहित, धंदा सायबर कॅफे, राहणार कुडवा, तालुका व जिल्हा गोंदिया, आज माझ्या दुकानात बसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे की कोणाच्या धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. डोके ठिकाणावर आहे, आणि वकीलसाहेब केवलराम टेंभरे म्हणतात की मृत्युपत्राला तेवढे पुरते.

परवा नागपूरला माझे ऑपरेशन आहे. माझी धाकटी बहीण गिरजा, आमगावच्या नंदलाल बिसेन यांची पत्नी, मला आपली एक किडनी देत आहे. मी टेबलावरच गेलो तर काय, ही भीती मला आहेच. पण जास्त भीती गिरजाची वाटते. नंदलालरावांनी संमतीवर सही केली, त्यांचे उपकार. त्यांच्या आईने मात्र सांगून ठेवले आहे, "भावासाठी पोट फाडून घे, मंग आजारी पडशील तं इथं कोणी पाहणार नाही." गिरजाच्या पायाखाली स्वतःची जमीन असावी, कोणी तिला घराबाहेर काढायची भाषा करू नये, एवढ्यासाठी हा कागद आहे.

एक. कुडव्याचे राहते घर मी स्वकमाईने बांधले आहे, वडिलोपार्जित नाही. ते संपूर्ण गिरजाला मिळावे. नंदलालरावांचे नाव जोडून नव्हे, एकटीला. तिची किडनी माझ्या अंगी लागली नाही तरी घर तिचे. ऐनवेळी ती नाही म्हणाली तरी घर तिचेच. हे शेवटचे वाक्य वकीलसाहेबांना चुकून लिहिल्यासारखे वाटले. चुकून नाही.

दोन. दुकानातले संगणक विकून माझ्या आजारपणाची देणी भागवावीत. इन्व्हर्टर शेजारच्या बिसराम झेरॉक्सवाल्याला द्यावा. लोडशेडिंगमध्ये तो माझ्याकडून चोरून तार ओढतो आणि वर मलाच विचारतो, "लाइट कब आयेगी भैया?" आता हक्काने वापर म्हणावे.

तीन. माझ्या ऑनलाइन गेमचे खाते. कंपनीच्या नियमाप्रमाणे ते कोणाच्या नावे करता येत नाही. तरी पासवर्ड गिरजाला ठाऊक आहे आणि कंपनी काही कुडव्याला चौकशीला येत नाही. त्या गेममध्ये माझा एक योद्धा आहे, ढाल धरून सगळ्यांच्या पुढे उभा राहणारा. त्याला मी वडिलांचे नाव दिले आहे. वडील हयातीत कोणाच्या पुढे उभे राहिले नाहीत, ती हौस इथे भागवली.

डायलिसिसच्या खाटेवर एक हात मोकळा असतो. मी इकडून लॅपटॉपवर आणि गिरजा आमगावहून, मी दुकानातून दिलेल्या जुन्या संगणकावर, असे आम्ही खेळत आलो. ती जखमा भरणारी, म्हणजे हीलर. गेममध्ये डन्जन म्हणून भुयार असते, त्यात चौघांनी मिळून उतरायचे. मारणारे उदंड, ढाल धरणारे आणि जखमा भरणारे थोडे, म्हणून मारणाऱ्यांना रांगेत ताटकळावे लागते. नंबर येता येता लाइट गेली की पुन्हा शेपटाला. आणि आत मोठ्या राक्षसाच्या अलीकडे एक गोष्ट पडद्यावर चालू होते. पहिल्यांदा आलेल्याला ती पूर्ण पाहावीच लागते, पुढे ढकलता येत नाही. बाकीचे तोवर बोटे मोडत उभे राहतात. ते न थांबता लढायला लागले तर दार बंद होते आणि गोष्ट पाहणारा बाहेरच राहतो.

चार. माझा भाऊ तिलक, राहणार रायपूर, याला माझ्या मिळकतीतून काही मिळू नये. कारण लिहायची गरज नसते असे वकीलसाहेब म्हणतात. मला लिहायचे आहे.

तिलक आमच्यात मारणारा होता. गिरजा पहिल्यांदा भुयारात आली त्या दिवशी ती गोष्ट पाहत असताना हा आत धावला आणि दार बंद झाले. तिचा फोन आला, रडवेली झाली होती. "दादा, मी तं पिक्चरच पाहून राहिली होती. मले काऊन बाहेर ठेवलं?" तिलक म्हणाला, "एवढी रांग लावून आलो, पिक्चरसाठी कोण थांबते?" त्यानंतर मी नियम केला की नवा माणूस गोष्ट पाहत असेल तर माझी ढाल दाराशी थांबेल. ढालीशिवाय आत गेलेला मरतो, त्यामुळे सगळे थांबायला शिकले.

पुढे किडनीची वेळ आली. आधी तिलकचीच जुळली होती. किडनी देणारा राजीखुशीने देतो का हे तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीपुढे हजर व्हायच्या दिवशी त्याचा फोन बंद. मी बाकावर बसून राहिलो. रांगेतून नंबर आल्यावर 'तयार' दाबून गायब होणारे गेममध्ये रोज भेटतात, त्यांना शिवी हासडून दुसरा शोधता येतो. सख्ख्या भावाचे तसे करता येत नाही. तो दिवस मी विसरलो नाही आणि मरेपर्यंत विसरणार नाही. मला न सांगता गिरजा तपासणीला गेली. त्यानंतरही तिलकने नंदलालरावांना फोनवर ऐकवले की कुडव्याच्या घरात आपलाही हिस्सा आहे. मी गेल्यावर हा तिला कोर्टात ओढेल, याची मला खात्री आहे.

पाच. समितीने गिरजाला एकटीला आत घेऊन विचारले, कोणाचा दबाव आहे का. बाहेर येऊन तिने मला सांगितले, "मी म्हटलं, दबाव नाही, भेव हाय. भेव असलं म्हणून का झालं?" मी तिला म्हणालो, बाई, अजूनही नाही म्हण, मी रागावणार नाही. ती म्हणाली, "तू थांबत होता नं माह्यासाठी? आता मी थांबून राहिली तं तूच काऊन घाई करून राहिला?" अशी बहीण मिळायला मी काय केले होते, कळत नाही.

सहा. इथवर लिहून सही करणार, दुसरा साक्षीदार अजून यायचा होता, तेवढ्यात तिलक दुकानात आला. बोलावले कोणी नव्हते. उभ्या उभ्या त्याने सगळा मजकूर वाचला. चौथे कलम वाचताना मी त्याच्याकडे पाहिले नाही.

"त्या दिवशी मी भ्यालो होतो, दादा," तो म्हणाला. "आताही भेवच लागते."

मग म्हणाला, दुसऱ्या साक्षीदाराची सही मीच करतो. वकीलसाहेबांनी आपणहून त्याला बजावले की साक्षीदार म्हणून जो सही करतो त्याला पुढे कोर्टात या कागदाविरुद्ध उभे राहणे जड जाते, घराचा हक्क विसरावा लागेल. त्याने ऐकून घेतले आणि पेन मागितला.

मी विचारले, चौथे कलम खोडू का? "राहू दे," म्हणाला.

परवा नागपूरला सोबत येतो म्हणतो. ते मी लिहून देत नाही.

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा असून मला मान्य आहे.

ठिकाण : कुडवा, गोंदिया
दिनांक : ११ मार्च २०१६

लिहून ठेवणार : चंद्रशेखर तुलसीराम पटले (सही)

साक्षीदार :
१. केवलराम टेंभरे, वकील, गोंदिया (सही)
२. तिलक तुलसीराम पटले, रायपूर, लिहून ठेवणाऱ्याचा सख्खा भाऊ (सही). चौथ्या कलमासह सगळे वाचले. खरे आहे. घर गिरजाचे.