विचारून गेलेली वाट

१२ जानेवारी
आत्मारामने त्याच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतल्या वाटेला फाटक लावलं. वर कुलूप! वाडीतून एसटीच्या थांब्यावर जायची हीच सरळ वाट. आता वरचा कातळाचा सडा चढून वळसा. गंगुबाई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन कशी चढायची? धंदा बसला तिचा.

१३ जानेवारी
आत्मारामला विचारलं. खाली बघत आत गेला.

१६ जानेवारी
वाडीने ठरवलं – वकील! मी म्हटलं, झालं. विस्तवाला वारा घालायला माणूस हवाच होता.

दुपारीच तिच्या कचेरीत गेलो. नीरजा तिचं नाव, देवरूखची. वय माझ्या नातीएवढं. काळा कोट खुर्चीला, स्वतः भजी खात बसलेली! मलाही दिली. माझं मत जरासं हललं.

"आजी, विचारून जायचात वाटेने?"

मी मान ताठ केली. "म्हणजे काय! लग्न होऊन आले तेव्हापासून. 'आत्माराम, जाऊ का रे?' – रोज!"

तिने कपाळावर हात मारला. "विचारून गेलात म्हणजे ती त्याची मेहेरबानी. वर्षानुवर्षं न विचारता, उघडपणे गेलात तर तो वहिवाटीचा हक्क!"

घ्या! जन्मभराचा चांगुलपणा अंगाशी आला. अख्खी वाडी विचारून जाणारी.

तेवढ्यात मागून गंगुबाई – "मी कोणाच्या बापाला विचारलंय? तोच आडवा यायचा. मीच ओरडायचे – हो बाजूला, पाटी गळतेय!"

नीरजाने पेन उचललं. "मावशी, तुम्ही पुढे बसा."

गंगुबाईच्या तोंडाला मी किती नावं ठेवली!

३ फेब्रुवारी
नोटीस गेली. मला त्यात दोन चमचमीत शब्द घालायचे होते, नीरजाने गाळले.

वाडीतल्या भिकाजीचा मुलगा विनीत पहार घेऊन फाटकाकडे निघालेला. नीरजा त्याला फोनवर म्हणाली, "तोड. तुझी केस मी आनंदाने चालवीन. वाट मात्र विसर." पहार गोठ्यात परत. वारा घालणारी बाई नव्हे ही!

९ फेब्रुवारी
साक्षीची तालीम.
"मावशी, शिव्या कमी करा."
"मग उरेल काय गो?"

२१ फेब्रुवारी
आत्माराम मागीलदारी आला. डोळे सुजलेले. "वहिनी, फाटक मुंबईच्या भावाने लावायला लावलं. बाग विकतोय – मला न सांगता. माझा हिस्साही त्यात. तुमच्या बाजूने साक्ष देतो. पण मला... त्या वकीलबाईंकडे न्याल?"

त्याने फाटकाची किल्ली ओट्यावर ठेवली. मी चपला शोधायला उठले.