प्रगती अडीचशे टक्के

सोमवार, ५ जानेवारी २०२६ — सकाळी १० वाजून ४० मिनिटं

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. पुढं कोणी म्हणायला नको की बाईंचं वय झालं, बाईंना आठवत नसेल.

या वेळी मुलींच्या बालगृहाच्या ऑफिसात योगीराजनं सरकारी पोर्टल उघडून संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. योगीराज म्हणजे डेटा ऑपरेटर. वय सव्वीस, केसांची निगा उत्तम, बाकी कशाची नाही. पडद्यावर आमच्या सोळा मुली. पंधरा नावांपुढं हिरवा चौकोन. एका नावापुढं लाल!

करिश्मा. प्रगती — शून्य.

जिला डिसेंबरच्या पहिल्या चाचणीत चाळीसपैकी अडतीस पडले, ती! परवाच्या दुसऱ्या चाचणीतही अडतीस!

"म्याडम, पोर्टल वाढ बघतंय. आधी अडतीस, नंतर अडतीस. वाढलं काय? काहीच न्हाय."

"आणि अर्पिता?"

"चारावरून सदतीस. आठशे पंचवीस टक्के!" जणू यानंच शिकवलं तिला.

छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. मूर्ख यंत्रं पुष्कळ पाहिली. पण त्यांच्या वतीनं अभिमानानं बोलणारी माणसं तेव्हा कमी होती.

नोव्हेंबरपासून रोज येडशी रोडला जाऊन या मुलींना गणित-इंग्रजी, वर थोडं सामान्यज्ञान शिकवते. मानधन नको म्हटलं. त्याचं हे फळ.

सोमवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

राग उतरला नाही, म्हणून पुन्हा लिहायला बसले.

करिश्माची फाईल अशी — आई-वडील नाहीत, सांभाळ चुलत्याकडं, ढोकीला. चुलता बलभीम, ऊसतोडीचा मुकादम. कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, म्हणून हंगामाच्या तोंडावर सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरवलं. लग्नाच्या दिवशी पहाटे ही त्याचा ट्रॅक्टर घेऊन निघाली. मागं ट्रॉली, ट्रॉलीत मांडवाच्या ऐंशी खुर्च्या. थेट येडशी स्टेशन! तिथं गाडी रीतसर बाजूला लावून, किल्ली स्टेशनमास्तरांच्या हातात देऊन, बाकावर बसून राहिली. वऱ्हाड तिकडं उभंच.

"चोरला न्हाय मिस. लावून ठिवला व्हता."

चुलत्यानं चोरीची तक्रार दिली. मग ही मुलगी 'दुर्लक्षित' की 'विधिसंघर्षग्रस्त', म्हणजे गुन्ह्यात सापडलेली? पोर्टलला दोन्ही चालत नाही. योगीराज म्हणाला, "एकच टिक बसती म्याडम." मी म्हटलं, दुर्लक्ष तुम्ही करताय, संघर्ष ती करतेय, दोन्ही लिही. त्यानं 'इतर' केलं.

आता मुद्दा. शुक्रवारी १६ तारखेला बालकल्याण समितीची बैठक. बलभीमनं अर्ज केलाय — पोरगी शिकत नसेल तर घरी द्या. समितीपुढं पोर्टलचा कागद जाणार. त्यावर शून्य! आणि फेब्रुवारीत तिची दहावी. बाहेरून बसण्याचा फॉर्म मी स्वतः भरलाय, धाराशिवचं केंद्र आहे. चुलत्याच्या हातात गेली की पेपर संपला, कोयता सुरू.

मंगळवार, ६ जानेवारी

आज वर्गात उलगडा झाला. मला भोवळ यायची बाकी राहिली.

अर्पिताला विचारलं, चौदा वर्षांची घोडी, डिसेंबरात चार मार्क कसे? महाराष्ट्राची राजधानी 'शेळी' असं का लिहिलंस?

"मिस, पहिल्या पेपरात डोकं चालवायचंच न्हाय. सगळं तिथंच लिवलं तर पुढं प्रगती कुठून आणायची?"

मागल्या वर्षीच्या मुलींनी यांना सांगून ठेवलंय! पहिला पेपर बिघडवायचा, दुसरा सुधारायचा. त्याबद्दल रामलिंगला सहल मिळते. सगळ्यांना माहीत. शांतलिंग सरांना — आमचे अधीक्षक, चाहूल लागली तरी दचकतात — त्यांनाही माहीत! माहीत नव्हतं ते फक्त दोघींना. नव्या आलेल्या करिश्माला, आणि मला.

दैवशाला ही वर्गातली सगळ्यात बारकी, तिनं तर समजूत घातली माझी. "तुमाला कुणी सांगितलंच न्हाय व्हय मिस?"

आणि मी? डिसेंबरात हे पेपर बघून घरी येऊन रडले होते, की चार आठवड्यांची शिकवणी गटारात गेली. शनिवारी दुसरे पेपर बघून पेढे वाटले. पेढे! मुलींनी दोन-दोन खाल्ले आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिली चाचणी मुलगी आल्या-आल्या पहिल्या आठवड्यात घ्यायची असते. मी घेतली चार आठवड्यांनी. सरांनी दोनदा आठवण केली होती. मी काय म्हणाले? "आधी शिकवावं, मग विचारावं. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हांला असंच वाढवलं." आली तेव्हा करिश्माला अपूर्णांक येत नव्हते, इंग्रजीचं एक वाक्य येत नव्हतं. सगळी प्रगती झाली ती चाचणीच्या आधी!

चूक कोणाची? — माझी.

हे वाक्य खोडणार होते. रोजनिशीत खोडत नाही.

बुधवार, ७ जानेवारी

पोर्टलच्या मदतवाहिनीला फोन लावला. बावन्न मिनिटं बासरी ऐकली. त्यांना वाटलं असेल, म्हातारी कंटाळेल. लाईन धरून बसण्यात माझं आयुष्य गेलंय, बाळांनो.

शेवटी एक मुलगी आली. नियम काय? — किमान दहा टक्के वाढ. अडतीसवर दहा टक्के, म्हणजे चाळीसपैकी बेचाळीस मार्क हवेत. हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं.

"मॅम, तुम्ही विद्यार्थ्याला प्रयत्न करायला सांगा."

गुरुवार, ८ जानेवारी

योगीराज कानाशी येऊन — "म्याडम, अडतीसमधला तीन काढून टाकू. राहिले आठ. कोण बघतंय?"

मी बघतेय! खोटा आकडा टाकलास तर बोटं सोलून काढीन म्हटलं. मग त्यानंच दुसरं सांगितलं, जरा घाबरून. एखादा नवा विषय घेता येतो. नवी पहिली चाचणी, पाच-सहा दिवसांनी दुसरी, परीक्षक बाहेरचा. एका विषयात हिरवा आला की पुरे.

म्हणजे करिश्माला खरोखर येत नाही असा विषय शोधायचा. यादी घेऊन बसलो. शिवण? आठ मुलींचे परकर हिनं बेतले. स्वयंपाक? विचारूच नये. शेळीपालन? सरांना शेळीच्या बाळंतपणावर अर्धा तास ऐकवलं. यंत्रदुरुस्ती? गृहाचा पाण्याचा पंप तिनंच चालू केलाय.

"तुला येत नाही असं काहीच नाही का गं?" मी ओरडलेच.

"गाणं येत न्हाय मिस."

गाऊन दाखव म्हटलं. प्रार्थनेची पहिली ओळ. शांतलिंग सर धावत आले, "कोणाला लागलं? कोणाला लागलं?"

सापडला विषय!

शुक्रवार, ९ जानेवारी

परीक्षक नळदुर्गचे रामकिसन बुवा. शाळेत संगीत शिकवून निवृत्त. मानी माणूस, तोंड माझ्यापेक्षा तिखट. त्यांना काही सांगितलं नाही. जे ऐकाल त्याचे मार्क द्या, एवढंच. मुलीलाही बजावलं, मुद्दाम वाईट गायचं नाही.

"मुद्दाम कशाला, मिस?" म्हणाली बिचारी.

चाळीसपैकी दोन.

"दोन कशाचे, बुवा?"

"एक तोंड उघडल्याबद्दल. एक मिटल्याबद्दल."

रविवार, ११ जानेवारी

सा.

मंगळवार, १३ जानेवारी

अजून सा.

सकाळी दहा ते बारा दहावीची उजळणी, दुपारी दोन ते चार रियाज. पेटी माझी, कॉन्व्हेंटमधल्या पियानोच्या आठवणीवर वाजवते, म्हणजे धड वाजवत नाही. गृहाचं कुत्रं कालपासून पुढच्या ढाब्यावर राहायला गेलंय. पंधरा मुली कानांत कापूस घालून जेवतात. गौराबाई स्वयंपाकीण म्हणते, "बाई, डाळ शिजंना झालीय."

पोरीला मात्र शरम नाही. चुकली की हसते, पुन्हा लागते. इतकी वाईट गाणारी आणि इतकी न थकणारी मुलगी मी पाहिली नाही. कोणी ओरडत नाही, मारत नाही, आणि आपल्याला यावं म्हणून एक बाई रोज घाम गाळतेय — याचंच तिला नवल वाटतं. तसं म्हणाली. मी पेटीचा भाता बघत बसले.

गुरुवार, १५ जानेवारी

चाळीसपैकी सात!

बुवा डोळे मिटून बसले होते. मग एक डोळा उघडला. "सा लागला. चुकून लागला, पण लागला. खोटं बोलणार नाही."

दोनावरून सात. अडीचशे टक्के. योगीराजनं बटण दाबलं. हिरवा! आम्ही दोघांनी टाळी दिली. कोणाला सांगणार नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

समिती. बलभीम नव्या टोपीत आला होता. "शिकायलीच न्हाय म्हणं पोरगी. मग ठिवून घेता कशाला? घरात हाताला माणूस न्हाय."

अध्यक्षबाईंनी कागद वर धरला. "गायनात अडीचशे टक्के प्रगती आहे."

"गायन? ही?" त्याचा जबडाच उघडा पडला. "बाई, ही आरती म्हणली की आमची म्हैस पान्हा चोरती!"

आयुष्यात एकदाच त्या माणसाशी सहमत झाले, पण तोंड घट्ट मिटून बसले.

अर्ज फेटाळला. मुलगी गृहातच राहणार. ट्रॅक्टरची तक्रार दुसरीकडं चालायची ती चालेल. बाहेर आल्यावर करिश्मानं विचारलं, "आता गाणं बंद ना मिस?" बंद, म्हटलं. ताबडतोब.

सोमवार, १९ जानेवारी

पोर्टलवरून आदेश निघालाय. आपोआप! सही नाही, माणूस नाही. कलाविषयात दोनशे टक्क्यांच्या वर प्रगती केलेल्या मुलींची विशेष गुणवत्ता यादी — आणि तिच्यात आमची करिश्मा. मंगळवार, २७ तारखेच्या आत तिला कलाशिक्षणाच्या निवासी गृहात हलवायचं. चार जिल्हे पलीकडं!

शांतलिंग सर हात चोळत — "बाई, अभिनंदन म्हणून आलंय. मी काय करू?"

परीक्षेचं केंद्र आता बदलत नाही. फोन केला, नक्की झालं.

तिला सांगितलं. रडली नाही. भूमितीची वही उशीखालून काढून पिशवीत घातली. "तिकडून यायला किती येळ लागतो मिस? सकाळच्या पेपराला पोचंन का?"

एस.टी.चं वेळापत्रक काढून तिच्यापुढं मांडलं. पेपराआधी पोचवणारी गाडी एकही नाही. एकही!

मंगळवार, २० जानेवारी

दिवसभर नियमांचं पुस्तक वाचलं. सर म्हणाले, बारीक अक्षर आहे, सोडा. बारीक अक्षर सोडायला मी योगीराज नव्हे.

पान ६१. समितीला मूल एखाद्या 'योग्य व्यक्ती'च्या घरी ठेवता येतं. मग बदली लागू होत नाही.

संध्याकाळी दारातून घर बघितलं. दोन खोल्या, एक खाट. एक्स्चेंज सुटल्यापासून घरात माझ्याशिवाय कोणी बोललेलं नाही.

बुधवार, २१ जानेवारी — सकाळी ११.२०

'योग्य व्यक्ती' म्हणून माझा अर्ज समितीच्या टेबलावर ठेवला, पोच घेतली. 'कुटुंबातील सदस्यसंख्या' या रकान्यात दोन लिहिलं. योगीराज म्हणाला, "म्याडम, तुम्ही तर एकट्याच हाव की." म्हटलं, तू टाक.

खाली माझ्या हातानं लिहिलंय — लेखी उत्तर शुक्रवार, २३ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत मिळावं. तोंडी चालणार नाही. तोवर मी इथल्या बाकावरून उठणार नाही.