पन्नास माणसांचं स्टेज

बाबा, गेल्या आठवड्यात चंद्रपुरात आमच्या पक्षाचं अधिवेशन पार पडलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी ते कसं झालं हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. पक्षातल्या कुणाला सांगितलं तर ते "वा, छान" म्हणतील आणि मोबाइल बघायला लागतील.

गडचिरोलीतला तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुमची शाळा चौथीपर्यंतच झालेली, म्हणून आपल्या बिछायत केंद्राची, मंडप-स्टेजच्या धंद्याची, सगळी लिखापढी माझ्याकडे होती. तेव्हाही अधिवेशनच होतं, दुसऱ्या एका पक्षाचं. मैदानात अर्धं स्टेज उभं आहे, खाली लोखंडी ड्रम, वर सागाच्या फळ्या. सकाळी त्यांचे जिल्हाध्यक्ष येतात आणि स्टेजवर कोण बसणार त्याची यादी देतात. तासाभराने स्वागताध्यक्ष येतात आणि वेगळीच यादी देतात. जिल्हाध्यक्षांना काही अधिकार नाही, असं ते म्हणतात. जिल्हाध्यक्षही तासाभरापूर्वी त्यांच्याबद्दल हेच बोलून गेलेले असतात. दोन्ही याद्या मिळून ऐंशीच्या वर माणसं होत होती आणि तुम्ही स्टेज बांधत होतात पन्नास जणांचं. थोड्या वेळाने दोघेही एकदम मैदानात आले.

"मंग मोठं बांधा ना भाऊ," स्वागताध्यक्ष म्हणाले.

"ड्रम येवढेच हाये, साहेब. पन्नासच्या वर मानूस चढला तं त्याले खाली कोन उतरवन? माह्यानं तं नाई होत."

"तुमाले कायले पंचाईत? तुमी बांधा अन् मोकळे व्हा."

तुम्ही मला कागद काढायला लावला. मी माझं सगळं कॉलेज पणाला लावून लिहिलं, की व्यासपीठावर पन्नासहून अधिक व्यक्ती चढल्यास होणाऱ्या अपघाताची संपूर्ण जबाबदारी आयोजकांची राहील. दोघांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि विचारलंत, "आयोजक मंजे कोन? कुठी राह्यते तो?"

मी त्या शब्दाखाली रेघ ओढली.

"फळी मोडून कोनाचा पाय मोडला तं मी कोनाच्या दारात जाऊ? नाव लिही. अन् येकाचंच लिही. दोघाचं लिहिलं तं दोघंही मनतीन, मी नाई, तो."

एटापल्लीकडचे तुमचे दोन कामगार एकमेकांशी गोंडीत काहीतरी बोलून हसले. मला वाटलं, मलाच हसले. इतकं चांगलं वाक्य तुम्ही सगळ्यांसमोर खोडायला लावलं याचा राग मला पुढे बरेच दिवस होता. कागद तयार झाला, पण सही करायला दोघांपैकी कुणी पुढे येईना, कारण सही करणाऱ्यालाच आपली माणसं खाली थांबवावी लागणार होती. मग तुम्ही काम बंद केलंत. कामगारांना चहाला पाठवलंत आणि अर्ध्या स्टेजच्या कडेला पाय सोडून बसलात. स्वागताध्यक्ष तापले. "गडचिरोलीत तुमी येकटेच बिछायतवाले हाय का?"

"नाई ना. चार जन हाये. बोलवा त्याइले. मी ड्रम भरतो गाडीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेते येणार होते, तेव्हा ते बोलवणार कुणाला? दुपार उलटल्यावर जिल्हाध्यक्षांनी सही केली. "मंजे आता माहीच यादी चालन ना?" त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "चालन. पन पायरीवर तुमालेच उभं राहा लागन." आणि दुसऱ्या दिवशी ते खरंच उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या साळ्याला पायरीवरून परत पाठवलेलं मी पाहिलं. तुम्ही मात्र सभा सुटेपर्यंत स्टेजच्या खाली बसून होतात, एका ड्रमवर हात ठेवून. मी वाकून जेवायला हाक मारली तर म्हणालात, "आता नाई. भाषन लांबलं का लोकं पाय हालवते." तुमचं स्टेज कधीच पडलं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ते का पडत नाही, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मी पक्षाच्या जिल्हा कार्यालयाची सचिव आहे. या वेळी मंडपाचं काम नागपूरच्या एका कंपनीला दिलं होतं. त्यांचा मॅनेजर लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, सकाळपासून तिसरा फोन आहे. मुंबईचे निरीक्षक म्हणतात स्टेजला रॅम्प लावा, तुमचे अध्यक्ष म्हणतात रॅम्प काढा आणि रुंदी वाढवा. मी ऐकू कुणाचं?" त्याच्या करारात 'आयोजक' हा शब्द पानोपानी होता. गर्दीने स्टेज खचलं तर कंपनी जबाबदार नाही, आयोजक जबाबदार. खाली सहीची जागा कोरी होती.

बैठकीत मी विचारलं, "आयोजक म्हणजे कोण?" निरीक्षक म्हणाले, "पक्ष." मी म्हटलं, "पक्षाला पोलीस ठाण्यात बोलावलं तर कोण जाईल?" त्यावर राजुऱ्याचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "जे आज सगळ्यात जास्त फोन करून राह्यले, ते तं नाईच जानार." सगळे हसले. अध्यक्षांनी कागद निरीक्षकांकडे सरकवला, निरीक्षकांनी तो परत अध्यक्षांकडे सरकवला. दोघांना हुकूम द्यायचे होते, सही मात्र नको होती. बाबा, मी तुमच्यासारखं काम बंद करून बसू शकत नव्हते, कारण काम माझंच होतं. म्हणून म्हटलं, सही मी करते. पण मग स्टेज किती मोठं, रॅम्प हवा की नको, वर कोण चढेल, हे सगळं मी ठरवणार, आणि कंपनीला फोन फक्त माझा जाईल. हे इतिवृत्तात लिहा आणि खाली तुम्ही दोघं सही करा.

"कार्यालय सचिवांना एवढे अधिकार असतात?" निरीक्षकांनी विचारलं.

"नसतात. म्हणून तर लिहून मागते आहे."

निरीक्षकांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली. मग दोघांनीही सह्या केल्या, आणि मी करारात स्टेजवर पन्नास माणसं असं लिहून खाली माझं नाव घातलं.

अधिवेशनाच्या दिवशी मी सकाळपासून पायरीवर होते. अध्यक्षांचे व्याही मोठा हार घेऊन आले. "ताई, घालतो अन् लगेच उतरतो." मी म्हटलं, "भाऊ, हार द्या माझ्याकडे, तुमचं नाव सांगून घालायला लावते." हार वर गेला, व्याही खाली राहिले. अध्यक्षांनी वरून हे पाहिलं आणि मान फिरवली. दोन आमदारांना मी समोरच्या रांगेत बसवलं. त्यातले एक अजून माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी वारा सुटला, कनाती फडफडल्या, स्टेज जागचं हललं नाही. शेवटी मॅनेजर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं हे काम करतोय, करारात लिहिलेली माणसं आणि स्टेजवरची माणसं इतकी सारखी कधीच पाहिली नाहीत." मला फार अभिमान वाटला, बाबा. माझा, आणि त्याहून जास्त तुमचा.

आभाराच्या वेळी माइकवरून माझं नाव पुकारलं, सत्कारासाठी वर या म्हणाले. वर पन्नास भरले होते. मी खालूनच हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, 'किती साधी बाई' म्हणाले. हे पत्र अधिवेशनाच्या फाइलीत इतिवृत्ताच्या मागे लावून टाकावं, म्हणजे पुढच्या सचिवाला वाचता येईल, असा विचार होता. पण आता ते लावता येणार नाही, कारण यापुढचं फक्त तुमच्यासाठी आहे. साधेपणा कसला, मला वर जायचं होतं. सकाळी नवी साडी त्यासाठीच नेसले होते.