पुठ्ठ्यात सापडलेली मार्जरी

ऑक्सफर्ड, मंगळवार

बार्नबी महाराज,

आपलं नातं मोडलं तेव्हा तू मला चारशे वर्षांपूर्वीचं प्रवचनांचं फाटकं पुस्तक दिलंस. "घे, तुझ्यासारखंच कंटाळवाणं आहे!" म्हणालास.

आज त्याचा पुठ्ठा सुटला. तेव्हाचे बांधणीवाले छापखान्यातली रद्दी चिकटवून पुठ्ठे करायचे, हे तूच शिकवलंस; पण स्वतःच्या पुस्तकात कधी डोकावला नाहीस! आत पान निघालं: 'मार्जरी टॉली हिने छापले, १५९१.' नवरा मेल्याबरोबर तिनं छापखाना विकला, असं तू तुझ्या छपाईच्या इतिहासावरच्या ग्रंथात छातीठोकपणे लिहिलंयस ना? अरे, तो जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती!

मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

हे पत्र मात्र टपालात टाकणार नाही. पुस्तक परत मागशील.

तुझी कंटाळवाणी,
हेस्टर